आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघ

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला म्हणून जुना पीसी लगेच भंगारात काढू नकोस. ४ जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, त्यावर बऱ्यापैकी चालतं. घाई मात्र नको. आधी फोटो, कागदपत्रं बाहेरच्या हार्डडिस्कवर घे आणि ती डिस्क काढून कपाटात ठेव. मी एकदा इन्स्टॉल करताना ती लावूनच ठेवली होती, नेमकी तीच पुसली गेली. लग्नाचे फोटो गेले. बायको अजून ऐकवते.

मिंट टाकलेल्या पेनड्राइव्हवरून पीसी सुरू (बूट) केलास की पीसीतलं काही न पुसता मिंट वापरून बघता येतं. वायफाय, आवाज, प्रिंटर तिथंच तपास. इन्स्टॉल करताना डिस्कचं नाव आणि आकार दोनदा वाच. मराठी टायपिंगचं नंतर बघू, इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड त्यात असतोच.