ऑस्बोर्नचे दरबार दालन आणि मुंबई

प्रश्न : इंग्लंडच्या वाइट बेटावर व्हिक्टोरिया राणीचे उन्हाळी निवासस्थान असलेल्या ऑस्बोर्न हाऊसमध्ये भारतीय धाटणीचे एक दरबार दालन आहे. ते आपल्या जे. जे. कला विद्यालयाने घडवले, असे ऐकले. हे खरे आहे का? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : नाही, मात्र या समजुतीला थोडा आधार आहे. राणी आणि प्रिन्स अल्बर्ट यांनी 1845 मध्ये ही मालमत्ता घेतली आणि थॉमस क्युबिट यांच्याकडून तेथे इटालियन वळणाचा नवा वाडा बांधून घेतला, तो 1851 मध्ये पुरा झाला. दरबार दालनाचे काम मात्र पुष्कळ पुढचे, 1890 नंतरचे आहे. हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणवणाऱ्या, पण या देशात एकदाही न आलेल्या राणीला मेजवान्यांसाठी भारतीय सजावटीचे दालन हवे होते. त्यासाठी तिने लॉकवूड किपलिंग यांचा सल्ला घेतला, आणि मुंबईचा संबंध आहे तो एवढाच. किपलिंग 1865 ते 1875 या काळात जे. जे.मध्ये शिल्पकला शिकवत; क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आताच्या महात्मा जोतिबा फुले मंडईच्या, दर्शनी भागावरील उठावशिल्पे त्यांचीच. पुढे ते लाहोरच्या मेयो कला विद्यालयाचे प्राचार्य झाले.

त्याच विद्यालयात शिकलेले भाई रामसिंग हे या दालनाचे खरे कर्ते होत, आणि हे ठामपणे सांगितले पाहिजे, कारण त्यांचे नाव बहुधा किपलिंग यांच्या नावामागे झाकले जाते. सुतारकाम आणि लाकडावरील कोरीवकाम परंपरेने करणाऱ्या शीख घराण्यातील रामसिंग 1891 च्या आरंभी ऑस्बोर्नला गेले आणि तेथे राहून त्यांनी भिंतींवरील व छतावरील नक्षीचे आराखडे केले. लाकडात बसलेला त्यांचा हात येथे प्लास्टरमध्ये उतरला. शेकोटीवरचा पिसारा फुलवलेला मोर पाहिला की ते लगेच ध्यानात येते. राणीच्या आज्ञेवरून रुडॉल्फ स्वोबोडा यांनी 1892 मध्ये त्यांचे व्यक्तिचित्रही रंगवले. पुढे 1910 मध्ये रामसिंग स्वतः मेयो विद्यालयाचे प्राचार्य झाले.

राणीचे निधन 22 जानेवारी 1901 रोजी ऑस्बोर्नमध्येच झाले. सातव्या एडवर्डने 1902 मध्ये हा वाडा राष्ट्राला दिला, आणि 1903 ते 1921 या काळात त्याच्या आवारात नौदलाचे विद्यालय चालले. आता तो इंग्लिश हेरिटेजकडे असून दरबार दालन प्रवाशांना पाहता येते.