'शांतता प्रस्थापना' की 'सलोखा'?

केनियातल्या वाजीरबद्दलचा एक लेख मराठीत आणणाऱ्या वाचकाने विचारलं आहे : 'पीसबिल्डिंग'ला 'शांतता प्रस्थापना' म्हणावं का? आणि 'डायलॉग' म्हणजे चर्चा, वाटाघाटी की संवाद?

'शांतता प्रस्थापना' मी टाळेन. फौजफाटा उतरवून गोळीबार थांबवला तरी आपल्याकडे 'शांतता प्रस्थापित झाली' असंच छापून येतं. वाजीरमध्ये घडलं ते अगदी वेगळं होतं. सोमालियाच्या सीमेलगतच्या या भागात १९९२-९३च्या सुमारास सोमाली कुळांमध्ये रक्तपात चालू होता. तिथल्या काही बायकांनी सुरुवात केली ती बाजारापासून. कुठल्याही कुळाची बाई असो, तिला तिथे निर्धास्तपणे विकता आणि विकत घेता आलं पाहिजे, एवढंच त्यांनी ठरवलं आणि बाजारावर स्वतः लक्ष ठेवलं. मग त्या कुळांच्या वडीलधाऱ्यांकडे गेल्या. वडीलधाऱ्यांना बोलतं करायला पुढे केला तो लहानशा कुळातला माणूस, कारण त्याच्यावर कुणाची बाजू घेतल्याचा संशय येणार नव्हता. या बायकांपैकी देखा इब्राहिम अब्दी यांना २००७ साली 'पर्यायी नोबेल' म्हणून ओळखला जाणारा राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला.

हे सगळं एका शब्दात मावायचं तर तो शब्द 'सलोखा'. 'सलोख्याचं काम', 'सलोखा घडवणं', 'सलोखा टिकवणं' असं सहज लिहिता येतं. सलोखा एकट्याचा नसतो, दोघांत किंवा अनेकांत असतो. 'शांतता' मात्र भीतीपोटीही नांदते. शेतजमिनीच्या ताब्यावरून चालणारे वाद अदलाबदलीने मिटवण्यासाठी महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये आणलेल्या योजनेचं नावही 'सलोखा'च आहे. लेख संयुक्त राष्ट्रांच्या कारभाराविषयी असेल तर 'शांतता उभारणी' घ्या; 'पीसकीपिंग'साठी 'शांतिरक्षण' वेगळं ठेवा. शांतिसेनेचं काम आणि बाजारातल्या बायकांचं काम एकाच शब्दाखाली गेलं, तर वाचकाला बायका दिसणारच नाहीत.

आता 'डायलॉग'. देवाणघेवाण करून, कलमं ठरवून करार करायचा असेल तर 'वाटाघाटी'. बुरुंडी या आफ्रिकी देशातलं यादवी युद्ध थांबवण्यासाठी आधी टांझानियाचे माजी अध्यक्ष न्यरेरे आणि त्यांच्या निधनानंतर मंडेला यांच्या मध्यस्थीने चाललेल्या, २००० साली अरुशा करारापर्यंत पोचलेल्या त्या वाटाघाटीच. पण रवांडाची राजधानी किगाली इथे २००१ साली सुरू झालेल्या 'इन्स्टिट्यूट ऑफ रिसर्च अँड डायलॉग फॉर पीस' या संस्थेच्या नावात 'संशोधन' आणि 'डायलॉग' जोडीने येतात, तिथे 'संवाद'च हवा. वंशसंहारानंतरच्या रवांडात लोकांना प्रश्न विचारणं, त्यांचं ऐकणं आणि ऐकलेलं पुन्हा त्यांच्यापुढेच मांडणं, हे तिथलं संशोधन. 'चर्चा' म्हटलं की आपल्याला वाद जिंकायची सवय आठवते.

तुमच्या लेखात 'बराझा' हा स्वाहिली शब्द आला, तर त्याला सरसकट 'परिषद' करू नका. घराबाहेरचा बसायचा दगडी ओटा तो बराझा, आणि पुढे गावची सभा, मंत्रिमंडळ यांनाही तोच शब्द लागू झाला. आपली 'बैठक' अशीच बसायच्या जागेवरून सभेपर्यंत गेली आहे. गावपातळीवरच्या बराझाला 'बैठक' म्हणा, तो अगदी चपखल बसेल.