चर्चमध्ये क्रीड, म्हणजे विश्वासाची कबुली, म्हणताना गप्प राहणाऱ्या मुलीला

प्रिय बाळ,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला. एवढा लांब, म्हणजे ऐरोलीहून परतताना गाडीतच लिहिला असशील. मी दोनदा वाचला, तिसऱ्यांदा चष्मा लावून वाचला. उत्तर कागदावर देते. ‘नरक’ हा शब्द मला फोनवर लिहवत नाही.

तुझ्या शंकांची यादी मोठी आहे. त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव), कुमारीच्या पोटचा जन्म, आपल्या पापाची किंमत येशूने का भरायची, उत्क्रांती, आणि अगदी शेवटी, एका ओळीत, आजी. मला वाटतं तोच पहिला प्रश्न आहे. बाकीचे तू पुढे उभे केलेस आणि हा, पाहुणे आल्यावर लहान मूल आईच्या पदराआड जातं तसा, मागे राहिला.

तुझ्या आईची आई. जन्मभर पंढरीची वारी केलेली, अभंगांची वही उशाशी ठेवून गेलेली. आणि युवक सभेत तुला सांगितलं गेलं की बाप्तिस्मा न घेतलेले सगळे कायमच्या आगीत. तू उभं राहून विचारलंस, तर ‘शंका सैतानाकडून येते’ हे उत्तर. खरं सांगू? मला शंकेपेक्षा त्या उत्तराची जास्त भीती वाटते. बायबलातलं ईयोबाचं पुस्तक शेवटपर्यंत वाच. देवाशी भांडला तो ईयोब. त्याला शहाणपण शिकवायला आले ते त्याचे मित्र. देव रागावतो तो मित्रांवर.

तेव्हा बाकीची यादी बाजूला ठेव आणि हा एकच प्रश्न घे. नव्या करारात जिथे येशू ‘नरक’ म्हणतो, तिथे मूळ ग्रीकमध्ये बहुतेक ठिकाणी ‘गेहेन्ना’ आहे. म्हणजे यरुशलेमजवळची हिन्नोमची दरी, जिथे एके काळी मुलांचे बळी दिले जात आणि संदेष्टा यिर्मया ज्यावर कडाडला. ‘हेडिस’ हा वेगळा शब्द आहे, मेलेल्यांचं ठिकाण. १६११च्या इंग्रजी भाषांतरात हे दोन्ही बहुतेक ठिकाणी ‘हेल’ झाले. आपल्या मराठी बायबलात निदान ‘अधोलोक’ आणि ‘नरक’ असा फरक दिसतो, पण सभेत बोलणाऱ्याला तो करायला सवड नसते.

पुढे जा. तिसऱ्या शतकातला ओरिगेन आणि चौथ्यातला निस्साचा ग्रेगरी हे चर्चचे जुने धर्मपंडित; दोघांनाही आशा होती की शेवटी देव सगळ्यांनाच परत जोडून घेईल. पुढे तसाच मोठा धर्मपंडित ऑगस्टिन, त्याने ते जोरात खोडलं. सहाव्या शतकात ओरिगेनच्या नावावरची मतं निषिद्ध ठरली; ग्रेगरीला मात्र आजही संत म्हणतात. आणि तलावपाळीजवळच्या जुन्या कॅथलिक चर्चमध्ये जाणाऱ्या माझ्या शेजारणीला विचार. तिच्या चर्चने १९६४ साली, व्हॅटिकन परिषदेत, लिहूनच ठेवलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळलं नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. यातून तुझ्या आजीचा निकाल लागत नाही. तो लावणारी मी कोण? पण ‘ख्रिस्ती माणसाने यावर असंच मानायचं असतं’ असं कुणी म्हणालं, तर ते खरं नाही, एवढं तुला कळेल.

पंडिता रमाबाईंचं तुला सांगितलंय का मी? १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लगेच प्रश्न सुरू. त्रैक्याबद्दल, अथनासियसच्या नावाच्या क्रीडबद्दल. ज्या सिस्टर जेराल्डिननी त्यांना आसरा दिला, त्यांना हा गर्व वाटला. रमाबाईंनी उलट कळवलं की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून कशीबशी सुटले आहे, आता दुसऱ्याचं मानेवर घेणार नाही. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील मात्र त्यांच्याशी वाद घालत बसल्या, पत्रांवर पत्रं लिहून. आपण आज कुणाला दोष द्यायचा नाही, पण तुला एक बील हवी आहे आणि ती मी व्हायला तयार आहे. त्याच रमाबाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ साली गेल्या, तोवर ते काम हातावेगळं केलं होतं.

माझंही सांगते. सव्वीस वर्षांची होते, धाकटा भाऊ काविळीने गेला. सगळी मंडळी प्रार्थनेत होती. नंतर एका वडीलधाऱ्यांनी सांगितलं, घरात विश्वास कमी पडला. त्यानंतर साडेतीन वर्षं मी क्रीडच्या वेळी ओठ मिटून उभी राहायचे. शेजारच्या बाईंना वाटायचं माझा घसा बसलाय. त्या मला ज्येष्ठमध आणून द्यायच्या. पुढे ‘विश्वास ठेवतो’पर्यंत म्हणायला लागले. मग थोडं आणखी. काही ओळी आजही मी म्हणते पण त्यांच्यात राहत नाही. तूही जेवढं खरं वाटतं तेवढंच म्हण.

दोन गोष्टी मात्र करू नकोस. हे सगळं चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नकोस. त्यात आईचं नाव गुंतेल, तुझा प्रश्न बाजूलाच राहील. आईला तू स्वतः सांग, स्वयंपाकघरात, पोळ्या लाटताना. समोरासमोर बसून सांगितलंस तर ती घाबरेल. आणि यूट्यूबवरच्या त्या हसतमुख नास्तिकाला नवा पाळक करू नकोस. त्याचाही आवाज तसाच ठाम आहे, मी ऐकलाय.

विश्वास राहील का, असं विचारलंस. माहीत नाही. नाही राहिला तरी माझ्याकडे चहा मिळेल.

ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक म्हणत, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो. टिळकांचे अभंग तू संडे स्कूलमध्ये माझ्याकडेच पाठ केलेस, आणि तुझ्या आजीच्या वहीत तुकोबा आहेत. ती वही तुझ्याकडे आहे ना अजून? शनिवारी घेऊन ये, मला तिचं अक्षर बघायचंय. साडेपाचच्या आत ये, नंतर मला पाणी भरायचं असतं.

तुझी,
मावशी