वाचक विचारतात : ल्युसीचा गोंधळ जमायचा कसा?

‘आय लव्ह ल्युसी’ ही अमेरिकी विनोदी टीव्ही मालिका आणि तिची नायिका ल्युसी रंगवणारी ल्युसिल बॉल (१९११–१९८९) यांच्याविषयी वाचकांचे बरेच प्रश्न आले. एकाच मुद्द्यावरचे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

ल्युसिल बॉल कॅमेऱ्यासमोर उभी राहून ऐनवेळी सुचेल ते करायची, असं वाचलं. इतकी धमाल लिहून कशी काढता येईल?

लिहूनच काढलेली होती. जेस ओपनहायमर, मॅडलिन प्यू आणि बॉब कॅरोल (ज्युनिअर) हे मूळ लेखक तिच्या रेडिओ मालिकेपासूनचे. शारीरिक विनोदाच्या जागा संहितेत हालचालींसकट, मोठ्या अक्षरांत टंकलेल्या असायच्या. एखादी कसरत बाईमाणसाला खरंच जमते का, हे पाहायला प्यू ती आधी स्वतः करून बघायच्या. मग आठवड्यातले बरेचसे दिवस तालीम. एमजीएम स्टुडिओत असताना मूकपटांतला विनोदवीर बस्टर कीटन याच्याकडून ल्युसिलने एक सवय उचलली होती : हातात जी वस्तू घ्यायची ती आधी नीट हाताळून पाहायची. त्यामुळे खरी वस्तू तालमीतच हवी, हा तिचा हट्ट. ज्याला लोक उत्स्फूर्तपणा म्हणतात तो तालमीत मुरलेला होता.

उदाहरण म्हणून ५ मे १९५२ चा औषधाच्या जाहिरातीचा भाग घ्या. टॉनिकचं नाव व्हायटामीटाव्हेजामिन, त्यात अल्कोहोल २३ टक्के, आणि ल्युसीला त्याच्या जाहिरातीची तालीम, दर वेळी चमचाभर पिऊन, पुन्हा पुन्हा करायची आहे. पहिल्या वेळी ती सगळा मजकूर सरळ, शुद्ध म्हणते. फक्त चमचा तोंडात गेल्यावर चेहरा कसानुसा होतो. ही पहिली खेप सपाट वाटते, पण तिच्यावाचून पुढचं काहीच चालत नाही. प्रेक्षकाला मजकूर पाठ झाला, तरच पुढे कुठलं अक्षर कुठे सरकलं ते त्याला कळणार. दुसऱ्या खेपेला चव तितकीशी वाईट लागत नाही. पुढे शब्दांची अक्षरं अदलाबदल होतात, चमच्यात ओतताना नेम चुकतो, शेवटी चमचा बाजूला आणि बाटलीच तोंडाला. यात ती कुठेही एकदम ‘झिंगलेली’ होत नाही. दारुड्याचा अभिनय करणारे बहुतेक नट इथेच फसतात : पहिल्या घोटालाच झोकांड्या खातात, मग वर चढायला पायरीच उरत नाही.

चॉकलेट कारखान्याचा भाग (१५ सप्टेंबर १९५२) याच हिशेबावर उभा आहे. ल्युसी आणि तिची मैत्रीण (व्हिव्हियन व्हान्स) यांना सरकत्या पट्ट्यावरून येणारी चॉकलेटं कागदात गुंडाळायची आहेत. पट्टा सुरू होण्याआधी देखरेख करणारी बाई दम देते : एक जरी चॉकलेट कागदाविना पुढे गेलं तरी कामावरून काढीन. हे एक वाक्य नसतं, तर निसटलेली चॉकलेटं नुसती निसटली असती. तोंडात, टोपीत आणि झग्यात कोंबायची गरजच नव्हती. सुरुवातीला पट्टा हळू, काम सहज जमतं. मग वेग वाढतो. बाई परत येते, एकही उघडं चॉकलेट दिसत नाही म्हणून खूश होते आणि पट्टा आणखी जोरात सोडायला सांगते. शिक्षा मिळते ती काम ‘छान’ झाल्याबद्दल. तोंडात चॉकलेटांचे तोबरे असताना ल्युसिल आणि व्हिव्हियन व्हान्स डोळ्यांनी जे बोलतात, ते आवाज बंद करून एकदा जरूर पाहा.

मालिका १९५१ ची, तरी चित्र इतकं स्वच्छ कसं? त्या काळचे इतर कार्यक्रम धुरकट दिसतात.

कारण ती ३५ मिमी फिल्मवर आहे. तेव्हा बहुतेक मोठे कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित व्हायचे. ज्या भागांत थेट प्रक्षेपण पोचत नसे तिथे किनेस्कोप जायचा, म्हणजे टीव्हीच्या पडद्यावरचं चित्र फिल्म कॅमेऱ्याने टिपलेली प्रत. तुम्ही धुरकट म्हणता ती हीच. प्रायोजक फिलिप मॉरिस ही सिगारेट कंपनी. तिचं बहुतेक गिऱ्हाईक पूर्वेकडे, त्यामुळे कार्यक्रम न्यूयॉर्कलाच व्हावा अशी तिची मागणी. ल्युसिल आणि तिचा नवरा देसी अर्नाझ यांना कॅलिफोर्निया सोडायची नव्हती. तोड निघाली ती फिल्मची. खर्च वाढणार होता, म्हणून दोघांनी आठवड्याला १००० डॉलर कमी मानधन पत्करलं आणि बदल्यात फिल्मची मालकी मागितली. सीबीएस वाहिनीने ती दिली, कारण एकदा दाखवलेला भाग पुन्हा कोण बघणार? पुढे हेच हक्क परत विकत घ्यायला सीबीएसला लाखो डॉलर मोजावे लागले. टीव्हीच्या इतिहासात इतका स्वस्तात दिलेला माल क्वचितच सापडेल.

तांत्रिक बाजू सांभाळली कार्ल फ्रॉइंड यांनी, जर्मन मूकपटांपासून नावाजलेले छायाचित्रणकार. सुमारे ३०० प्रेक्षकांसमोर तीन कॅमेरे एकाच वेळी चालायचे : मधला दूरचं दृश्य घेई, बाजूचे दोन जवळची. अडचण प्रकाशाची. सिनेमात दर शॉटला दिवे हलवतात. इथे प्रेक्षक बसलेले, नाटक चालू. जमिनीवर दिवे ठेवले तर फिरत्या कॅमेऱ्यांना आडवे येणार आणि सावल्या पाडणार. म्हणून जवळजवळ सगळे दिवे वर टांगले, प्रकाश सगळीकडे सारखा ठेवला आणि वरून येणाऱ्या प्रकाशाने डोळ्यांखाली पडणारी सावली मारायला कॅमेऱ्याच्या भिंगावरच छोटा दिवा बसवला. टीव्हीवर काळं-पांढरं फार भडक उमटायचं, त्यामुळे नेपथ्य करड्याच्या वेगवेगळ्या छटांत रंगवलं. १००० फुटांचं रीळ ११ मिनिटं चालतं. प्रवेशांची लांबी त्या मापात बसवावी लागे. फिल्मवर तीन कॅमेरे याआधीही वापरले गेले होते. इथे पद्धत पक्की बसली, इतकंच श्रेय द्यावं. ‘शोध लावला’ म्हणणं जास्तीचं होईल.

तिचे केस खरंच लाल होते का?

नाही. मूळचे तपकिरी. आधी सोनेरी, मग १९४२ च्या सुमारास एमजीएममध्ये रंगीत चित्रपटासाठी लाल केले. मालिका कृष्णधवल, तरी हा रंग सगळ्यांच्या डोक्यात बसला.

मालिकेत आणि प्रत्यक्षात एकाच दिवशी बाळ झालं, हे जुळवून आणलं होतं?

बऱ्याच अंशी. ल्युसिलची प्रसूती शस्त्रक्रियेने होणार होती, त्यामुळे दिवस ठरवता आला. १९ जानेवारी १९५३, सोमवार, हा मालिकेचाच वार. भाग आधीच चित्रित झालेला होता. मुलगा होणार हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. लेखकांनी पडद्यावर मुलगा लिहिला आणि प्रत्यक्षातही मुलगाच झाला. गरोदरपणाच्या संहिता एक कॅथलिक, एक प्रॉटेस्टंट आणि एक ज्यू धर्मगुरू तपासत. ‘प्रेग्नंट’ शब्द संवादांत चालत नव्हता. त्या रात्री सुमारे ४.४ कोटी लोकांनी तो भाग पाहिला. दुसऱ्या दिवशीच्या आयझेनहॉवर यांच्या शपथविधीपेक्षा जास्त.

ती कम्युनिस्ट होती का?

१९३६ मध्ये मतदार म्हणून तिने कम्युनिस्ट पक्षाच्या नावाखाली नोंद केली होती. आजोबा कट्टर समाजवादी, त्यांचं मन राखायला केली, असं तिने सप्टेंबर १९५३ मध्ये अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) चौकशी समितीपुढे सांगितलं. त्या काळी एवढ्या संशयावर अनेकांची कामं गेली. तिचं निभावलं, आणि त्यात तिच्या निरपराधपणाइतकाच देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या मालिकेचाही हात होता, असं आम्हाला वाटतं.

‘स्टार ट्रेक’ तिच्यामुळे झाली, हे कितपत खरं?

कथेशी तिचा संबंध नाही. १९६० मध्ये घटस्फोट झाला. १९६२ मध्ये तिने अर्नाझचा हिस्सा विकत घेतला आणि दोघांच्या देसीलू स्टुडिओची सूत्रं एकटीच्या हाती आली. ‘स्टार ट्रेक’ आणि ‘मिशन : इम्पॉसिबल’ या दोन्ही खर्चिक मालिका तिच्या कारकिर्दीत, १९६६ मध्ये सुरू झाल्या. पैसा घालायचा की नाही, यावर शेवटचा शब्द तिचा. १९६७ मध्ये तिने स्टुडिओ १.७ कोटी डॉलरना विकला.

मग १९८६ ची शेवटची मालिका का आपटली?

‘लाइफ विथ ल्युसी’चे १३ भाग तयार झाले, एबीसीवर दाखवले फक्त ८. लेखकांत प्यू आणि कॅरोल होतेच, कसरतीही त्याच. मात्र ल्युसिल ७५ वर्षांची झाली होती. चाळिशीतली बाई शिडीवर लोंबकळली की हसू येतं. पंच्याहत्तरीतली लोंबकळली की प्रेक्षक आधी तिच्या हाडांची काळजी करतो. टायमिंग बऱ्यापैकी शाबूत होतं, चुकली ती भूमिकेची निवड.

पहिल्यांदा पाहायची तर कुठून सुरुवात करावी?

पहिल्या भागापासून नको. सुरुवातीचे काही भाग चाचपडत चालतात. वर सांगितलेले १९५२ चे दोन भाग घ्या, मग ९ मे १९५५ चा, विनोदी नट हार्पो मार्क्सबरोबरचा. त्यात हार्पोचाच वेश केलेली ल्युसी आरशातलं प्रतिबिंब असल्याचं सोंग आणते. शक्यतो कृष्णधवल प्रतच पाहा, करड्या नेपथ्यावर मागाहून चढवलेला रंग उपरा वाटतो. पुनःप्रक्षेपणाच्या काही प्रतींत जाहिरातींसाठी मिनिटं कापलेली असतात, म्हणून लांबी तपासा : पूर्ण भाग २५ मिनिटांच्या आसपास भरतो. सुरुवातीला साटिनवरचं हृदय दिसलं तर ती शीर्षकं नंतर जोडलेली आहेत. मूळ प्रक्षेपणात ल्युसी आणि देसी यांची कार्टून-चित्रं होती, आणि सोबत प्रायोजकाच्या सिगारेटचं पाकीट.