घराचा रंग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी हॉल रंगवला. पश्चिमेकडच्या भिंतीचे पोपडे निघताहेत. रंग हलका होता का?

बहुधा रंगाचा दोष नाही, भिंतीत पाणी आहे. ओल बाहेर पडताना प्लास्टरमधले क्षार सोबत आणते. ते रंगाखाली साठतात आणि थर उचलतात. पोपड्यामागची पांढरी भुकटी म्हणजे हाच खार. खात्री करायची तर पोपडे काढलेल्या जागी दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दुसऱ्या दिवशी भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले, तर रंगाचा डबा उघडूच नका.

आधी बाहेरच्या भेगा आणि खिडकीभोवतीचे सांधे बुजवा. पलीकडे बाथरूम असेल तर नळाची लाइन तपासून घ्या. खार कोरड्या ब्रशनेच झाडा, ओल्या फडक्याने पुसला तर विरघळून परत आत मुरतो. आतून वॉटरप्रूफ कोट मारून पाणी कोंडलं, तर ते दोन फूट पलीकडे निघतं. दिवाळीआधी रंग हवाच, हा हट्ट इथे नडतो. पावसाळ्यात भिजलेली भिंत तोवर आतून वाळलेली नसते. फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबलेलं बरं.

प्रश्न : १० बाय १२ फुटांच्या खोलीला रंग किती लागेल?

उंची १० फूट धरली तर चार भिंती ४४० चौरस फूट. दार-खिडकी वजा जाता साधारण ४००. चांगलं इमल्शन (पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग) दोन हातांत, म्हणजे दोन थरांत, लिटरला १२० ते १४० चौरस फूट जातं, म्हणजे सव्वातीन लिटर. चार लिटरचा डबा घ्या, उरलेला पुढच्या डागडुजीला कामी येतो. सिलिंगला एक लिटर वेगळा. कोऱ्या प्लास्टरवर पूर्ण लांबी करायची, म्हणजे भिंत पुट्टीने सपाट करून घ्यायची, तर पुट्टीची ४० किलोची एक गोणी लागेल.

प्रश्न : एकाच डब्यातला रंग, तरी लांबी भरलेल्या जागी चट्टे का?

तिथे प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, मारला नाही म्हणून. कोरी पुट्टी रंगातलं पाणी पटकन शोषते आणि तेवढी जागा मलूल दिसते. लांबी वाळल्यावर १८० नंबरच्या पॉलिशपेपरने घासा, धूळ पुसा, मग प्रायमर. शेवटचा हात मात्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्ख्या भिंतीला द्या. नुसते ठिपके रंगवले तर ते उठून दिसणारच. रोलर चालू असताना पंखा बंद ठेवा, नाहीतर आधीचा पट्टा वाळतो आणि जोड दिसतो.

प्रश्न : स्वयंपाकघरात जुना ऑइलपेंट आहे. त्यावर थेट इमल्शन चालेल?

नाही. तेलकटपणा साबणाच्या पाण्याने धुऊन भिंत वाळवा, चकाकी जाईपर्यंत घासा आणि प्रायमर द्या. घासताना पाणी लावून घासा, कोरडं नको. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. त्याआधीच्या थरात शिसं असू शकतं आणि कोरडं घासल्यावर उडणारी त्याची धूळ विषारी असते. तोंडाला साधा रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लावा आणि काम संपेपर्यंत मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.