पत्र्याच्या शेडमध्ये वायफाय हवंय?

भाऊ, रिपीटर (आलेला वायफाय सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा) घ्यायची घाई करू नका. शेडच्या आत लावलेल्या रिपीटरला आधी सिग्नल मिळायला हवा ना! पत्रा रेडिओ लहरी परतवतो. म्हणून दाराशी दोन कांड्या दिसतात आणि दार लोटलं की गायब. मीही एक रिपीटर असाच वाया घालवला, तो आता माळ्यावर आहे.

खरा उपाय म्हणजे आतपर्यंत वायर न्यायची आणि अ‍ॅक्सेस पॉइंट (वायरीतून आलेलं इंटरनेट वायफायवर देणारा डबा) शेडच्या आतच बसवायचा. एकदा तो आत आला की तोच पत्रा सिग्नल बाहेर सांडू देत नाही.

घर ते शेड केबलची लांबी १०० मीटरच्या आत असेल तर बाहेर वापरायची कॅट-६ ही नेटवर्क केबल चालते. मात्र पूर्ण तांब्याचीच मागा; तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त केबल दुकानदार हमखास पुढे करतो. ती पीव्हीसी पाइपातून जमिनीखालून न्या, मोटारीच्या वायरपासून लांब ठेवा.

पण मला विचाराल तर फायबरच टाका, म्हणजे प्रकाशाने सिग्नल नेणारी काचेच्या तंतूची केबल. वळवाच्या पावसात वीज जवळ कुठे पडली तर तांब्याच्या वायरीतून झटका येऊन दोन्हीकडची यंत्रं जळू शकतात. काचेतून वीज वाहत नाही. फक्त आधाराची स्टीलची तार नसलेली केबल बघा. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर साध्या नेटवर्क केबलला जोडून देणारे डबे) लागतील.

खोदणं जमतच नसेल तर ५ गिगाहर्ट्झचे दोन वायरलेस ब्रिज (वायरीऐवजी हवेतून जोडणी देणारी यंत्रं) समोरासमोर, पत्र्याच्या बाहेर लावा. मध्ये आंब्याचं झाड नको.