राजाला भिकारी म्हणणारा उंदीर

प्रश्न : मुलांसाठीच्या लोककथांत समाजावरील टीका खरोखरच असते, की ती आपण मोठी माणसे मागाहून त्यांत शोधतो?

उत्तर : टीका कथेच्या रचनेतच असते, आणि ती मुलांना आपल्याआधी कळते. उंदराच्या टोपीची गोष्ट पाहा. सापडलेली चिंधी धोब्याकडून धुऊन, रंगाऱ्याकडून रंगवून आणि शिंप्याकडून शिवून घेतलेली टोपी घालून उंदीर ढोल बडवत राजासमोर मिरवतो. राजाने ती हिसकावून घेतली की ‘राजा भिकारी, माझी टोपी घेतली’ आणि चिडून परत केली की ‘राजा मला भ्याला, माझी टोपी दिली’ असे तो गात सुटतो. राजाने काहीही केले तरी नाचक्की त्याचीच होते, कारण बळ त्याच्याकडे असले तरी बोलणे उंदराच्या ताब्यात आहे. बंगालीत उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांच्या १९१०च्या संग्रहातील टुनटुनी पक्षी एका नाण्यावरून राजाची अशीच फजिती करतो.

अर्थात प्रत्येक लोककथा बंडखोर नसते. मुलींनी निमूट सोसावे, मग राजपुत्र मिळेल, असे शिकवणाऱ्याही पुष्कळ आहेत. तरीही मला वाटते की टीका मागाहून घातली जाण्यापेक्षा मागाहून काढली जाण्याचे प्रकार अधिक गंभीर आहेत. जर्मन लोककथा जमवणाऱ्या ग्रिम बंधूंच्या संग्रहाच्या १८१२च्या आवृत्तीत घरात अन्न नाही म्हणून हान्सेल आणि ग्रेटेल या भावंडांना जंगलात सोडून देण्याचा आग्रह धरणारी त्यांची सख्खी आईच होती. १८४०च्या आवृत्तीत ती सावत्र झाली, आणि माणसाला या थराला नेणाऱ्या गरिबीवरचा रोख एका दुष्ट बाईवर वळला. ही सोय फार महागात पडली, कारण त्यामुळे मूल भुकेचा विचार न करता सावत्र आईची भीती तेवढी घेऊन उठते.

मात्र प्रत्येक बदल असा बोथट करणारा नसतो. राजाच्या अदृश्य वस्त्रांच्या १३३५च्या स्पॅनिश कथेत, गमावण्यासारखे काहीच नसलेला एक कृष्णवर्णीय सेवक राजा नागडा असल्याचे सांगतो. डॅनिश लेखक हान्स अँडरसनने १८३७मध्ये ते वाक्य एका लहान मुलाच्या तोंडी घातले, आणि दरबारी भित्रेपणावर बोट ठेवण्याचा अधिकार थेट वाचणाऱ्या मुलाच्या वयाला मिळाला.